मोटारीतील खरखरीची कैफियत

मुंबई शहराच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी ज्या जलाशयातून जाते, तो भातसा नदीवरील जलाशय शहापूर तालुक्यात असून, त्या प्रकल्पाच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या वसाहतीस भातसानगर असे नाव आहे. धरणाचा इतिहास सरकारदप्तरी तपशीलवार नमूद असतो. ८८ मीटरांहून उंच भिंत, पायथ्याचे १५ मेगावॅटचे वीजगृह, नदीपात्रात सोडलेले पाणी पिसे येथे उचलून पांजरापूरला शुद्ध करण्याची व्यवस्था, या सर्वांचे कागद कोठे ना कोठे बांधून ठेवलेले सापडतील. परंतु ज्या मुंबई-आग्रा रस्त्याने या प्रदेशात मोटार आली, त्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांतील रेडिओ कसली खरखर करीत, ती कोठून उत्पन्न होई, आणि शहापूर, आसनगाव, मुरबाड यांसारख्या ठिकाणचे वायरमन तिचा माग कसा काढीत, याची नोंद घेण्याची तसदी कोणत्याही कचेरीने घेतलेली नाही. वास्तविक ही खरखर यंत्रयुगाची मोठी विश्वासार्ह साक्षीदार आहे. कारण मोटारीच्या विद्युत्-रचनेत जेव्हा जेव्हा फेरफार झाला तेव्हा तेव्हा तिचा स्वर पालटला, आणि जाणत्या कानाला नुसत्या त्या स्वरावरून गाडी कोणत्या पिढीतली, हे अजमावता येत असे.

या कैफियतीचा प्रारंभ मोटारीपासून नव्हे, तर १८८७ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइनरिश हर्ट्झ याने केलेल्या प्रयोगांपासून करावा लागतो. वेटोळ्याच्या साहाय्याने उच्च दाब निर्माण करून दोन धातुगोलकांमध्ये ठिणगी पाडली असता, काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्यातही अतिसूक्ष्म ठिणगी पडते, हे त्याने दाखविले, आणि विद्युच्चुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध झाले. पुढे कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी आणि युरोपात मार्कोनीने ज्या लहरी वापरल्या, त्याही ठिणगीच्याच पोटी जन्मलेल्या. आता पेट्रोलच्या इंजिनाकडे पाहावे. तेथेही एक कॉइल असते, तीही बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांचे दहा-वीस हजार व्होल्ट करते, आणि तीही प्लगाच्या टोकाशी ठिणगी पाडते; चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर अशा ठिणग्या दर सेकंदाला शंभर पडतात. हर्ट्झने जे प्रयासाने साधले तेच पेट्रोलची प्रत्येक मोटार नकळत आणि अखंड करीत असते. अशा प्रक्षेपकापासून दोन हातांवर रेडिओ बसवावा आणि त्यातून शेकडो मैलांवरच्या गायकाचा सूर निर्मळ ऐकू यावा, ही अपेक्षा मुळातच धारिष्ट्याची होती.

ते धारिष्ट्य व्यापारी स्वरूपात प्रथम पार पाडणाऱ्यांत शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन याची गणना होते. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या दोन तंत्रज्ञांच्या साहाय्याने त्याने १९३० साली आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसविला, आणि ती गाडी अटलांटिक सिटी येथील रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनास हाकत नेऊन, संमेलनस्थळाबाहेर उभी करून, येणाऱ्याजाणाऱ्यांना गाणे ऐकविले. 'मोटोरोला' या नावाचा उगम याच उद्योगात आहे. गाडीत रेडिओ मावतो की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न गौण होता. प्लग, डिस्ट्रिब्युटर, डायनामो यांपैकी एकेक उपद्रवी घटक हुडकून त्याचा बंदोबस्त करण्यातच त्यांची बहुतेक बुद्धी खर्ची पडली. त्यातून त्या काळच्या रेडिओतील व्हॉल्व्हना शेदोनशे व्होल्टांचा दाब लागे, आणि बॅटरीवरून तो निर्माण करण्यासाठी व्हायब्रेटर नावाची जी थरथरती पट्टी पुढे प्रचारात आली, ती स्वतःच क्षणोक्षणी विद्युत्-मंडल जोडी आणि तोडी. म्हणजे खरखरीचे एक नवे बीज खुद्द रेडिओच्याच पोटात रुजले. एरियलची तार पुष्कळदा गाडीच्या कापडी छपरात दडविलेली असे. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत अखंड पोलादी छपरे आल्यावर ती सोय नाहीशी झाली, आणि एरियलला गाडीबाहेर हद्दपार व्हावे लागले.

इकडे मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट असून भरवशाचा पल्ला सुमारे तीस मैलांचा होता. या हिशेबाने कल्याणपर्यंतच्या श्रोत्याला दिलासा होता. शहापूर आणि मुरबाड मात्र त्या हद्दीबाहेर पडत. १९३८ साली मुंबईहून लघुलहरींचे प्रक्षेपण सुरू झाले, पुढे मालाडच्या किनाऱ्यावर मध्यमलहरींचे शक्तिमान प्रक्षेपक आले, आणि १०४४ व ५५८ किलोहर्ट्झ या जागांवर मुंबई केंद्र घाटाच्या पायथ्याशीही खणखणीत लागू लागले. येथे एक तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे, कारण त्यावाचून या प्रदेशातील खरखरीचा विशेष उलगडत नाही. गाडीची ठिणगी दादरला जेवढी असते तेवढीच ती खर्डीलाही असते. परंतु दादरला केंद्राचा आवाज तिला दडपून टाकतो, आणि कसाऱ्याच्या घाटात डोंगराच्या कुशीत केंद्र क्षीण झाले की तीच ठिणगी वरचढ होते. मुंबईत बसविलेला आणि मुंबईतच पारखलेला रेडिओ शहापूर ओलांडल्यावर बिघडतो, अशी जी मोटारमालकांची नेहमीची तक्रार असे, तिचे मूळ रेडिओत नसून अंतरात होते. रेडिओ होता तसाच राही. पूर्वीपासून चाललेली कुरकुर आता कानी पडू लागे, इतकेच.

त्यातून लोकांच्या आवडीनेही अडचणीत भर घातली. १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला ओहोटी लागली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. सिलोन लघुलहरींवर लागे. आणि ठिणगीचा उपद्रव मध्यमलहरींहून लघुलहरींवर अधिक जाचक होतो, कारण तेथे येणारा संदेश दुबळा आणि चढउताराचा असतो. या श्रोत्यांना परत वळविण्यासाठी आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली. केसकरांच्या अभिरुचीविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यांच्या धोरणाने वायरमनांना काम पुरविले, एवढे म्हणावयास हरकत नाही. त्या काळी रेडिओ बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे, आणि मोटारीतील संचही त्यातून सुटत नसे. खरखर ऐकण्यासाठी सरकारला शुल्क भरावे लागत होते, असा याचा अर्थ कोणी काढल्यास तो अगदीच गैरलागू ठरणार नाही.

आता प्रत्यक्ष तपासाची रीत. ती जुनी असली तरी तिच्यातील तर्कशुद्धता आजही मान्य करण्यासारखी आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. इंजिन बंद ठेवून प्रथम नुसता रेडिओ लावीत. अशाही स्थितीत कडकडाट होत असेल, तर गुन्हेगार गाडीबाहेरचा: वैशाखातील वळिवाची वीज, डोक्यावरून गेलेली तार, किंवा जवळचा एखादा पंप. आवाज स्वच्छ असेल तर इंजिन चालू करून वेग वाढवीत. वेगाबरोबर द्रुत होत जाणारी टकटक ऐकू आली तर संशय प्लगांवर, आणि बारीक शिट्टी चढत गेली तर डायनामोवर. संशय पक्का करण्यासाठी इंजिन भरवेगात असतानाच किल्ली बंद करीत. टकटक त्याच क्षणी तुटे, कारण ठिणगी तुटली, पण डायनामो इंजिनाच्या उरलेल्या गतीने फिरत असल्याने त्याची शिट्टी हळूहळू उतरत नाहीशी होई. या एका कृतीने दोन आरोपी वेगळे होत. त्यानंतर एरियलची तार रेडिओच्या पाठीमागून उपटून पाहावयाची. खरखर थांबली तर ती हवेतून येत होती, आणि चालूच राहिली तर बॅटरीच्या तारेतून आत शिरत होती. कोण करतो आणि कोणत्या वाटेने येतो, या दोन प्रश्नांचा निकाल लागल्यावाचून उपायाला हात घालू नये, हा दंडक होता. आणि ज्यांनी तो पाळला नाही, त्यांनी गिऱ्हाईकाच्या खर्चाने सगळ्या गाडीला कंडेन्सर लटकविले, असेही दृश्य अपरिचित नव्हते.

उपायांतही तारतम्य लागे. प्लगाच्या तारेत काही हजार ओहमांचा रोध घातला की ठिणगीचे काम न बिघडता तिची वाचाळता कमी होई. कॉइलला कंडेन्सर जोडावयाचा तो बॅटरीकडच्या टोकाला. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटांकडच्या टोकाला तो जोडला, तर ठिणगीच बिघडून इंजिन अडखळे. डायनामोलाही तो मुख्य टोकाला जोडीत. चुकून फील्डच्या टोकाला लागला तर कटआउट-रेग्युलेटरच्या पेटीतील पॉइंट जळून जात, आणि खरखर घालविता घालविता गाडीचे चार्जिंगच बंद पडे. डायनामोची शिट्टी अधिक असेल तर कंडेन्सरपूर्वी त्याचे झिजलेले कार्बन आणि खाचा पडलेले कॉम्युटेटर पाहणे शहाणपणाचे असे. बॉनेट बिजागरीवर अधांतरी असल्याने ते स्वतःच एरियलसारखे वागे. म्हणून तांब्याच्या विणलेल्या पट्टीने ते बॉडीशी जखडीत. एरियलच्या बुडाखालचा रंग खरवडून लोखंडाशी त्याचा संबंध पक्का करीत, आणि कोकणपट्टीच्या पावसात दर वर्षी गंज चढत असल्यामुळे हे खरवडणे दर वर्षी करावे लागे. विलायती बनावटीच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, तर फियाटच्या घराण्यातील गाड्यांत ऋण टोक. रेडिओ बसविण्यापूर्वी हे पाहिले नाही तर खरखरीचा प्रश्न उपस्थित होण्याआधीच रेडिओचा निकाल लागे.

सर्वांत फसवी खरखर चाकांची. कोरड्या दिवसांत रबरी टायर रस्त्याशी घासून पुढच्या चाकांवर स्थिर विद्युत् साठते, आणि ती बेअरिंगच्या ग्रिसातून तुटक तुटक बॉडीत उतरताना रेडिओत कडकड करते. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली तरी हा आवाज थांबत नाही, पण ब्रेकला हलकेच पाय लावला की थांबतो. कारण ब्रेकमुळे चाक आणि बॉडी यांचा धातूचा संबंध जुळतो. चाकाच्या टोपणाआड एक लहानशी स्प्रिंग बसविली की काम होई. फाल्गुन-चैत्रात घेऊन आलेली ही तक्रार मृगाचा पाऊस पडताच आपोआप मिटे, आणि त्याचे श्रेय शेवटी ज्याने गाडीला हात लावला होता त्या मिस्त्रीला मिळे.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके शेजारी असले तरी खरखरीच्या बाबतीत त्यांचे नशीब सारखे नव्हते. शहापुरातून लोहमार्ग जातो, आणि तो १९३० च्या आसपास कल्याणपासून इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर चालू झाला. थळ घाट चढविणारी 'खेकडा' या टोपणनावाची विजेची इंजिने अनेक वृद्धांच्या स्मरणात असतील. ओल्या तारेवरून पॅंटोग्राफ घसरताना ज्या निळ्या ठिणग्या उडतात, त्या शेजारच्या रस्त्यावरील रेडिओला आपली हजेरी लावल्याशिवाय राहत नाहीत. मुरबाड शहरापर्यंत मात्र रेल्वे अजूनही पोहोचलेली नाही. माळशेजकडे जाणारा कल्याण-नगर रस्ता या एका उपद्रवापासून मुक्त राहिला. पण त्याच कारणाने तेथील माणसाचा सारा भार जीपगाडीवर पडला, आणि खरखरीच्या इतिहासातील पुढचे प्रकरण त्या जीपगाड्यांनीच लिहिले.

शेअरची भाडी मारणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप बहुतांशी डिझेलवर चालत. डिझेल इंजिनात इंधन दाबानेच पेट घेते. तेथे प्लगाची ठिणगी नाही, कॉइल नाही, डिस्ट्रिब्युटर नाही. अर्धशतक वायरमनांना छळणारी टकटक अशा रीतीने कोणीही पराक्रम न करता एका इंजिनाच्या बदलाने अस्तंगत झाली. त्याच सुमारास रेडिओची जागा कॅसेटने घेतली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली प्रचारात आणलेली कॅसेट १९८० नंतर गावोगाव पोहोचली, आणि म्हसोबाच्या म्हसे येथील पौषी यात्रेला निघालेल्या जीपमध्ये प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते ऐकू येऊ लागली. टेपला एरियल नसते, म्हणून हवेतून येणारी वाट बंद झाली. राहिली ती तारेची वाट.

आणि त्या वाटेने नवा पाहुणा आला. डायनामोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागला होता. मोटोरोलातील ज्या वेव्हरिंगने तरुणपणी ठिणगीची टकटक शमविली, त्याच्याच पुढाकाराने त्या कंपनीत मोटारीच्या अल्टरनेटरचे काम झाले, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. अल्टरनेटर तीन कलांची प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि सहा डायोड तिला एकदिश करतात; पण ती सपाट होत नाही, तिच्यावर बारीक लाटा राहतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात अशा छत्तीस लाटा येतात. तो सेकंदाला पन्नास फेरे घेत असेल तर अठराशे कंपनांचा सूर तयार होतो, आणि मनुष्याचा कान याच टापूत विशेष तीक्ष्ण असतो. एखादा डायोड निकामी झाला तर सूर खाली उतरून घोगरा होतो. तो ऐकून जाणता वायरमन टेप न उघडता अल्टरनेटर उतरवितो.

तथापि नुसत्या टेपला हा सूर फारसा भोवत नसे. तो माजला तो स्वतंत्र अॅम्प्लिफायर आणि वूफर बसविण्याची हौस आल्यावर, आणि ठाणे जिल्ह्यात हळदी-लग्नाच्या निमित्ताने ही हौस किती फोफावली हे सांगण्याची आवश्यकता नाही. टेप पुढे डॅशबोर्डात, अॅम्प मागे डिकीत. दोघांनाही आपापल्या जागी बॉडीचा 'अर्थ', म्हणजे विजेच्या परतीची जोडणी, दिलेला. गाडीचा पत्रा म्हणजे शून्य, असे आपण गृहीत धरतो, परंतु ते खरे नसते. एकाच शिवारातील दोन विहिरींची पातळी जशी उपशाप्रमाणे थोडी खालीवर असते, तशी पत्र्याच्या दोन टोकांची विद्युत्-पातळी काही सहस्रांश व्होल्टांनी वेगळी असते, आणि अल्टरनेटरच्या लाटेबरोबर तो फरक हेलकावतो. संदेशवाहक तारेचे जाळीदार आवरण ही दोन टोके जोडते, त्यातून नको असलेला प्रवाह वाहतो, आणि अॅम्प त्या फरकालाच गाणे समजून शतपट करतो. येथे कंडेन्सरांचा ढीग लावूनही गुण येत नाही. रोग पुरवठ्याचा नसून परतीच्या वाटेचा आहे. सर्वांचा अर्थ एका बिंदूवर आणावा, तेथील रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावा, अर्थची तार जाड आणि आखूड ठेवावी, बॅटरीची तार गाडीच्या एका बाजूने व संदेशाच्या तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात. तपासही सोपा आहे: अॅम्पमधून संदेशाच्या तारा काढल्यावर शिट्टी गेली, तर दोष अॅम्पच्या अलीकडचा. संदेशाच्या वाटेत घालावयाची जी गाळणी बाजारात मिळते, ती शिट्टी कमी करते आणि बरोबर गाण्याचा खर्जही; माझ्या मते ती अखेरचा नाइलाज म्हणूनच घ्यावी.

कायद्याने या विषयात बराच उशिरा प्रवेश केला. रेडिओच्या उपद्रवासाठी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये स्थापन झाली; ब्रिटनने १९५२ साली नव्या गाड्यांच्या ठिणगीवर निर्बंध घातले ते प्रामुख्याने शेजाऱ्यांच्या टेलिव्हिजनसाठी. मुंबईत दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला आले, आणि रस्त्यावरून जाणारी स्कूटर पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग उठविते हे इकडच्याही लोकांनी पाहिले. आपल्याकडे वाहनांच्या विद्युच्चुंबकीय सुसंगतीसाठी एआयएस-००४ हे मानक झाले, आणि त्याच्या चाचण्या १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेतही होतात.

एफएमचा जन्मच मुळी खरखरीच्या विरोधातून झाला. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ साली त्याचे पेटंट मिळविले तेव्हा त्याचा कटाक्ष आकाशातील व यंत्रांतील कडकडाटावरच होता. एफएम ठिणगीला दाद देत नाही हे खरे, परंतु त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, आणि माहुलीचा डोंगर आड आला की मुंबईची वाहिनी सुस्कारे टाकू लागते. त्यासाठी गाडीचे प्लग बदलणे व्यर्थ होय. मध्यंतरी मोबाइलने आपला एक स्वतंत्र ताल आणला. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा स्फुरणे सोडतो, म्हणून घंटा वाजण्यापूर्वीच स्पीकर टिटिट करू लागे. फोन डॅशबोर्डावरून खिशात गेला की आवाज बंद. अलीकडे सिगारेट-लायटरच्या भोकात बसविलेला हलका चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे एफएमला ग्रासतात, आणि त्यांचा तपास तर एकेक वस्तू उपटून पाहण्याइतकाच आहे. पडघ्याजवळ, १९९९ साली पूर्ण झालेल्या चंद्रपूर-पडघे या ५०० किलोव्होल्टांच्या एकदिश वाहिनीच्या तारांखालून पावसाळी हवेत जाताना मध्यमलहरींवर जी सळसळ ऐकू येते, तिच्यावर मात्र गाडीतल्या कोणाचाच इलाज चालत नाही.

आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत प्लग नाही आणि अल्टरनेटरही नाही. परंतु बॅटरीची एकदिश वीज मोटरला देणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि त्याचा उपद्रव नेमका मध्यमलहरींच्या टापूत उतरतो. काही परदेशी उत्पादकांनी म्हणूनच विजेच्या गाड्यांतून हा पट्टा काढून टाकला. फोर्डने २०२३ साली आपल्या नव्या गाड्यांतून तो वगळण्याचा इरादा जाहीर केला, आणि विरोध होताच मागे घेतला. एरियलची तार काढून पाहण्याची जुनी कसोटी या गाडीलाही लागू पडते, आणि खरखर हवेतून येते की तारेतून, याचा निर्णय शहापूरचा वायरमन आजही पाच मिनिटांत देऊ शकेल. पण हवेतून येत असेल तर पुढचा मार्ग ज्या नारिंगी आवरणाच्या तारांपर्यंत जातो, त्यांत तीनचारशे व्होल्टांचा एकदिश दाब असतो. त्यांना रस्त्याकडेच्या दुकानात हात लावण्यास मनाई आहे, ती रास्तही आहे, आणि गाडी कंपनीच्या कार्यशाळेकडे रवाना करावी लागते.